खून होतो, तरीही त्या गावात राहावंसं का वाटतं?

रानजाई

छोटं इंग्लिश गाव. एक चर्च, एक पोस्ट ऑफिस, बागकामाचं वेड असलेले शेजारी, निवृत्त कर्नल, नुकतीच राहायला आलेली एक बाई जिच्याबद्दल कुणालाच धड काही माहीत नाही. मग एके सकाळी कुणाच्या तरी घरात प्रेत सापडतं. पोलीस येतात, भलत्याच माणसाच्या मागे लागतात, आणि उलगडा करते ती विणकाम करणारी म्हातारी, नाहीतर एखादा पाद्री, नाहीतर शाळकरी मुलगी. या जातीच्या कादंबऱ्या मी वर्षानुवर्षं वाचतेय आणि अजून कंटाळा आलेला नाही.

प्रश्न असा आहे की मध्यभागी खुनासारखी भयंकर गोष्ट असूनही हे वाचताना इतकं बरं का वाटतं? नेहमीचं उत्तर म्हणजे शेवटी गुन्हेगार सापडतो आणि विस्कटलेली घडी बसते. पण गुन्हेगार पोलिसी कादंबऱ्यांतही सापडतो. त्या वाचून मला असं वाटत नाही.

माझा अंदाज सांगते. अगाथा ख्रिस्तींची म्हातारी हौशी शोधक मिस मार्पल वाचकांना पहिल्यांदा भेटली १९२७च्या डिसेंबरात, एका मासिकातल्या कथेत. लेखक, चित्रकार, वकील, धर्मगुरू आणि स्कॉटलंड यार्डचे माजी प्रमुख अशी मंडळी जमलीत. प्रत्येकाने आपल्याला ठाऊक असलेलं एक रहस्य सांगायचं आणि बाकीच्यांनी सोडवायचं, असा खेळ ठरतो. खेळणारे किती, म्हणून डोकी मोजली जातात, तर पाच भरतात. कोपऱ्यात विणत बसलेल्या मार्पलबाईंना कुणी धरलेलंच नसतं, आणि बैठक चाललेली असते त्यांच्याच घरात! उत्तर अर्थात त्या एकट्यांनाच येतं.

मला वाटतं आपलं मन तिथेच अडकतं. जिला कुणी मोजत नाही, तिचं पाहणं मोजलं जातं. तुमचं काय मत? (कृपया कुठल्याही पुस्तकातल्या खुन्याचं नाव लिहू नका. नवे वाचक असतात.)

निवांत

वाचनखूण साठवली. हा धागा चालणार.

कुलूपबंद

रानजाई, मुद्दा सुंदर आहे, पण मी सहमत नाही. मी या गोष्टी वाचतो ते निव्वळ कोड्यासाठी. कोड्याला लागतं बंदिस्त वर्तुळ, आणि गाव म्हणजे आयतं बंदिस्त वर्तुळ. दहा-बारा माणसं, सगळ्यांचा एकमेकांशी जुना संबंध, परका माणूस आला की लगेच लक्षात येणार. महानगरात खून झाला तर संशयित लाखो. तिथे बुद्धीचा खेळ जमत नाही, तिथे लागते यंत्रणा.

रोनाल्ड नॉक्स हे स्वतः धर्मगुरू आणि रहस्यकथाकार. त्यांनी १९२९ मध्ये या खेळाचे दहा नियम लिहून काढले. गुन्हेगाराचा उल्लेख गोष्टीत लवकर आला पाहिजे. भुताखेतांची मदत नाही. एकापेक्षा जास्त गुप्त खोल्या किंवा भुयारं नाहीत. विज्ञानाला माहीत नसलेली विषं नाहीत. डिटेक्टिव्हला सापडलेला प्रत्येक धागा वाचकालाही दिसला पाहिजे. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये रहस्यकथाकारांचा डिटेक्शन क्लब निघाला, 'फादर ब्राउन'चे लेखक चेस्टरटन पहिले अध्यक्ष झाले, आणि नव्या सभासदांना याच धर्तीची शपथ घ्यावी लागे.

बरं वाटतं ते या प्रामाणिकपणामुळे. लेखक मला फसवणार आहे, पण खोटं बोलणार नाही, एवढा भरवसा असतो. बाकी आयुष्यात असा भरवसा कुठे मिळतो?

पानगळ

कुलूपबंद, नियम मान्य. पण कोडंच हवं असेल तर शब्दकोडंही चालेल. मग गावच कशाला हवं, माणसंच कशाला हवीत?

निवांत

अवांतर: 'मर्डर, शी रोट' ही अमेरिकन टीव्ही मालिका १९८४ ते १९९६ चालली, २६४ भाग झाले. तिच्यातल्या हौशी शोधक जेसिका फ्लेचरबाई मेन राज्यातल्या कॅबट कोव्ह नावाच्या एवढ्याशा बंदरगावात राहतात. त्या गावात शवपेट्या बनवणारा सुतार हाच सगळ्यात श्रीमंत माणूस असणार. :)

तिसरा_साक्षीदार

मी विरुद्ध बाजूने बोलतो. मला हा प्रकार मनापासून खटकतो.

अमेरिकन रहस्यकथाकार रेमंड चँडलरने १९४४ मध्ये एका गाजलेल्या निबंधात या इंग्लिश परंपरेवर सडकून टीका केली होती. त्याच्याच देशातल्या डॅशिएल हॅमेट या लेखकाने खून अशा माणसांच्या हाती परत दिला जे खरोखर काही कारणाने खून करतात, केवळ लेखकाला प्रेत पुरवायला नाही, असा त्याचा रोख होता. मला ते पूर्ण पटतं. गावातल्या गोष्टीत माणूस मरतो आणि दुसऱ्या दिवशी सगळे केक खात अंदाज बांधत बसतात. मेलेल्याची आई कुठे आहे? त्याच्या मुलांचं काय झालं? पुढचे सहा महिने त्या घरात कुणाला झोप लागली का? यातलं काहीही पानावर येत नाही.

वर मेलेला माणूस बहुतेक वेळा असा निवडलेला असतो की तो गेल्याचं कुणाला दुःखच होऊ नये. खडूस जमीनदार, पैसे उकळणारा, नाहीतर कुचाळक्या करणारी बाई. ही सोय आहे. आपल्याला बरं वाटावं म्हणून दुःख दाराबाहेर ठेवलेलं आहे. आजकाल ज्या बेकरीवाल्या, मांजरवाल्या मालिका ढिगाने येतात त्यांत तर हे फारच होतं.

सातवी_पायरी

तिसरा_साक्षीदार, नव्या ढिगाबद्दल +१. जुन्यांबद्दल अजिबात नाही. सविस्तर लिहिते थोड्या वेळाने.

चांदणचुरा

वाद चालू द्या, मी माझा अनुभव सांगते.

आईच्या आजारपणात रात्र रात्र दवाखान्याच्या बाकावर बसून काढावी लागायची. डॉक्टरांकडे उत्तरं नव्हती. "बघू या", "वाट पाहू या" एवढंच. त्या काळात मला दुसरं काही वाचवत नव्हतं. गंभीर कादंबरी हातात घेतली की दोन पानांत रडू यायचं, विनोदी वाचलं की राग यायचा. फक्त या गावातल्या खुनांच्या गोष्टी वाचता आल्या. मृत्यू त्यांत होता, म्हणजे पुस्तक माझ्याशी खोटं बोलत नव्हतं. पण त्या मृत्यूला 'का' विचारता येत होतं आणि अडीचशे पानांनंतर उत्तर मिळणार होतं. माझ्या 'का'ला ते मिळणार नव्हतं.

म्हणून दुःख दाराबाहेर ठेवलेलं असतं हे मला पटत नाही. वाचणारा ते बरोबर घेऊनच आलेला असतो.

आणि अलीकडचं सगळंच पोकळ आहे असंही नाही. रिचर्ड ऑस्मनचं 'द थर्सडे मर्डर क्लब' (२०२०) वाचा. केंटमधली वृद्धांची वसाहत. जॉइस नर्स होती, इब्राहिम मानसोपचारतज्ज्ञ, रॉन कामगार पुढारी, आणि एलिझाबेथच्या नोकरीबद्दल फारसं बोलायचं नसतं. चौघं मिळून जुनी, न सुटलेली प्रकरणं उकरतात. हसू येतं, पण एलिझाबेथच्या नवऱ्याची स्मृती हळूहळू जात असते आणि ती ते जगापासून लपवत असते. या भागांत मला वाचन थांबवावं लागलं होतं.

निवांत

चांदणचुरा, __/\__

खलबत्ता

मी औषधनिर्माता, तेव्हा माझ्या खिडकीतून बोलतो.

अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या इस्पितळात आधी परिचारिका होत्या आणि नंतर तिथल्या औषधालयात काम करत होत्या. विषं त्या तिथे शिकल्या. १९२० साली पहिली कादंबरी आली तेव्हा औषधनिर्मात्यांच्या व्यावसायिक नियतकालिकाने तिच्यातल्या विषाच्या अचूक वर्णनाचं कौतुक केलं होतं. माझ्या व्यवसायातल्या माणसाला याहून मोठी पावती सुचणार नाही.

१९७७ मध्ये तर कमाल झाली. कतारहून एक अत्यवस्थ बालिका लंडनच्या इस्पितळात आणली होती. निदान होत नव्हतं. तिची देखभाल करणारी परिचारिका त्या वेळी ख्रिस्तींची एक कादंबरी वाचत होती. पुस्तकातली लक्षणं आणि समोरच्या मुलीची लक्षणं जुळतायत हे तिच्या ध्यानात आलं. केस गळणं त्यात होतंच. तपासलं तर थॅलियमची विषबाधा निघाली आणि मुलगी वाचली. कादंबरीचं नाव मुद्दाम देत नाही, रहस्यभेद होईल.

आता गावाबद्दल. इंग्लंडात १८५१ साली आर्सेनिकच्या विक्रीवर कायदा आला. विक्रेत्याने वहीत गिऱ्हाईकाचं नाव, पत्ता, कारण लिहायचं आणि सही घ्यायची. गिऱ्हाईक अनोळखी असेल तर दोघांनाही ओळखणारा साक्षीदार हजर हवा. शिवाय किरकोळ विक्रीच्या आर्सेनिकमध्ये काजळी किंवा नीळ मिसळायची, म्हणजे पांढरी पूड साखर समजून कुणाच्या पोटात जायला नको. विचार करा, विषाचा कायदाच ओळखीवर उभा होता! कोण कुणाला ओळखतो, कुणी कधी काय नेलं, तण मारायचं औषध कुणाच्या बागेतल्या खोपटात पडून आहे, ही माहिती गावातल्या दुकानदाराला सहज असायची. मार्पलबाईंची पद्धत काही हवेतून आलेली नाही.

कुलूपबंद

खलबत्ता, ही वहीची माहिती फारच आवडली. सहीवर आधारलेल्या किती गोष्टी आठवल्या!

शंकासुर

मला मात्र भीती वाटते. 'जिला कुणी मोजत नाही तिचं पाहणं मोजलं जातं' हे पुस्तकात गोड आहे. प्रत्यक्षात हौशी तपास म्हणजे काय होतं? २०१३ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनच्या स्फोटांनंतर इंटरनेटवरच्या हौशी मंडळींनी फोटो निरखून एका बेपत्ता विद्यार्थ्यालाच गुन्हेगार ठरवलं. तो पूर्णपणे निर्दोष होता, आणि नंतर मृत सापडला. त्याच्या घरच्यांनी त्या दिवसांत काय सोसलं असेल!

मार्पल बरोबर असते कारण लेखिका तिच्या बाजूने आहे. शेजारणीच्या कुजबुजीला पुरावा मानायला शिकवणारा हा प्रकार मला धोकादायक वाटतो.

पानगळ

शंकासुर, फार महत्त्वाचा मुद्दा. पण या लेखकांना तो धोका माहीत नव्हता असं समजू नका. ख्रिस्तींचं 'द मूव्हिंग फिंगर' वाचा, १९४०च्या दशकातलं आहे. एका गावात निनावी घाणेरडी पत्रं यायला लागतात. प्रत्येक जण दुसऱ्याकडे संशयाने बघू लागतो आणि सगळं गाव आतून नासतं. 'ऑर्डील बाय इनोसन्स' (१९५८) त्याहून पुढे जातं. खुनाच्या शिक्षेत एक तरुण तुरुंगातच वारलाय. नंतर एक अनोळखी माणूस येऊन सांगतो की तो निर्दोष होता, त्या वेळी माझ्याबरोबर होता. घरच्यांना आनंद व्हायला हवा. होत नाही, कारण मग उरलेल्यांपैकीच कुणीतरी खुनी आहे. खरा गुन्हेगार सापडेपर्यंत निर्दोष माणसांची सुटका नसते, हा धागा ख्रिस्तींच्या लेखनात पुन्हा पुन्हा येतो.

कुजबूज आणि निरीक्षण यांत फरक आहे. मार्पल म्हणते अमुक माणूस मला मासेवाल्याच्या पोराची आठवण करून देतो. ती शिक्का मारत नाही. आधी असं वागलेला माणूस पाहिलाय, म्हणून कुठे बघायचं ते तिला कळतं. त्यानंतर ती पडताळून पाहते. बॉस्टनच्या वेळी त्या मंडळींनी फोटो पाहिला होता, माणसाला कुणी ओळखत नव्हतं.

आणि मार्पलच्या आधीची एक बाई विसरू नका. 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' (१९२६) मधली कॅरोलाइन शेपर्ड, डॉक्टरांची बहीण. घराबाहेर न पडता तिला गावातली बित्तंबातमी कळते. १९२८ मध्ये या कादंबरीवर नाटक आलं तेव्हा प्रौढ कॅरोलाइनला काढून तिच्या जागी एक तरुण सुंदर मुलगी घातली. ख्रिस्तींना ते फार लागलं. आत्मचरित्रात त्यांनी लिहिलंय की मार्पलचा जन्म बहुधा त्याच वेळी झाला (पहिली मार्पल-कथा नाटकाच्या आधीच छापून आली होती, पण त्यांची आठवण अशी). म्हणजे रानजाई म्हणते ते डोकी मोजण्याचं प्रकरण गोष्टीच्या बाहेरही घडलं होतं.

रानजाई

पानगळ, नाटकाचा हा संदर्भ माझ्या मुद्द्याला असा येऊन मिळेल असं वाटलं नव्हतं. मनापासून आभार!

उलटतपासणी

वकिली करतो, म्हणून शेवटच्या पानानंतर काय होतं याचा विचार सुटत नाही.

जुन्या इंग्लिश गोष्टींत गावातच मृत्यूची चौकशी भरते. कॉरोनर (संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी) आणि ज्युरी, कधी शाळेच्या खोलीत तर कधी मद्यगृहात. गावातलीच माणसं ज्युरीत असायची, आणि १९७७ पर्यंत कॉरोनरच्या ज्युरीला थेट एखाद्याचं नाव घेऊन "याने खून केला" असा निर्णय देता येत असे. विचार करा, उद्या ज्याच्या दुकानात जायचंय त्याच्याबद्दल आज हे बोलायचं!

आणि गुन्हा सिद्ध झाला की फाशी. ब्रिटनमध्ये १९५७ मध्ये बऱ्याच प्रकारच्या खुनांसाठीची फाशी बंद झाली, उरलेल्या खुनांसाठीची १९६५ मध्ये स्थगित झाली, १९६९ मध्ये कायमची गेली. म्हणजे १९५७च्या आधीच्या जवळजवळ प्रत्येक 'निवांत' गोष्टीत चहाच्या टेबलावरचा तो उलगडा ऐकून कुणीतरी मरणार असतं. मार्पलबाईंना याचा अजिबात संकोच नाही. १९५७च्या '४.५० फ्रॉम पॅडिंग्टन'च्या शेवटी त्या खुन्याबद्दल म्हणतात की फाशी राहिली नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. गोड आजी म्हणून त्यांना पाहणाऱ्यांनी तो परिच्छेद जरूर वाचावा.

उलट टोक म्हणजे डोरोथी सेयर्सचं 'बसमन्स हनीमून' (१९३७). त्यांचा हौशी शोधक लॉर्ड पीटर विम्झी लग्नानंतर बायको हॅरिएटबरोबर खेड्यातल्या घरी राहायला येतो, तळघरात प्रेत सापडतं, तो खुनी शोधतो. इथे दुसरा कुणी लेखक थांबला असता. सेयर्स थांबत नाहीत. खटला होतो, शिक्षा होते, पीटर त्या माणसासाठी चांगला वकील देतो, त्याची माफी मागायला जातो, आणि फाशीच्या पहाटे बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडतो. हौस म्हणून केलेल्या तपासाची किंमत एवढ्या स्पष्टपणे मांडलेली मी दुसरीकडे वाचलेली नाही.

तिसरा_साक्षीदार, तुम्ही विचारलंत ना, दुःख कुठे आहे? हे घ्या.

तिसरा_साक्षीदार

उलटतपासणी, हे पुस्तक मी वाचलेलं नाही. आता नक्की वाचणार. तुम्ही सांगितलेला शेवट खरोखर वेगळा आहे. मात्र तो अपवाद आहे, हे माझं म्हणणं कायम.

सातवी_पायरी

सकाळी म्हटलं होतं, सविस्तर लिहिते. 'जुन्या चांगल्या दिवसांची ओढ' म्हणून या गोष्टींची बोळवण केली जाते, त्यावर माझा आक्षेप आहे. मार्पलचं गाव कधीच थांबलेलं नाही.

'अ मर्डर इज अनाउन्स्ड' १९५० सालचं. युद्ध संपलंय पण रेशन चालूच आहे. शेजारी एकमेकांना कोळसा, लोणी, अंडी आडून आडून देतात, मागचं दार उघडं ठेवतात. आणि मार्पल तिथे पोलीस अधिकाऱ्याला एक फार खोल गोष्ट सांगते. तिचं म्हणणं असं की पंधरा वर्षांपूर्वी गावात कोण कोण आहे हे माहीत असायचं. नवीन कुणी आलं तर ओळखीची चिठ्ठी घेऊन यायचं. आता मोठ्या घरांतून, झोपड्यांतून नुसती माणसं येऊन राहिलीत, आणि ती स्वतःबद्दल जे सांगतात तेवढंच आपल्याला ठाऊक. ओळख म्हणजे फक्त रेशनकार्ड आणि ओळखपत्र, आणि तेही खरं कशावरून? त्या पुस्तकाचं सगळं रहस्य युद्धाने उखडलेल्या समाजावर उभं आहे.

पुढे १९६२ मध्ये 'द मिरर क्रॅक्ड फ्रॉम साइड टू साइड' येतं. मार्पलच्या गावाच्या, सेंट मेरी मीडच्या कडेला नवी वसाहत उभी राहिलीय, सुपरमार्केट आलंय. बाकीच्या म्हाताऱ्या नाकं मुरडतात. मार्पल काय करते? एकटीच उठून ती वसाहत बघायला जाते. हिंडते, पडते, कुणीतरी उचलून घरात नेऊन चहा देतं. घरं नवी, कपडे नवे, पण माणसं त्याच साच्याची, हे तिला दिसतं आणि तिला बरं वाटतं. तिचं शहाणपण जुन्या गावापुरतं असतं तर ते तिथेच संपलं असतं.

मला या गोष्टी आवडतात त्या या जिज्ञासेसाठी. ती म्हातारी आहे आणि अजून बघायला जाते.

निवांत

ऑडेनचा निबंध कुणी आणला नाही अजून? कवी डब्ल्यू. एच. ऑडेन, १९४८. त्याला या गोष्टींचं तंबाखू-दारूसारखं व्यसन होतं हे तो सुरुवातीलाच सांगतो, आणि खेड्यात न घडणारी रहस्यकथा वाचणं त्याला जड जायचं. त्याचं म्हणणं, जागा जितकी निर्मळ तितकं प्रेत विजोड दिसतं, म्हणून गाव हवं. वाचकाच्या मनातली अपराधाची भावना खुनी सापडला की उतरते, असाही त्याचा सिद्धांत आहे.

पानगळ

निर्मळ गाव? मार्पल स्वतः तसं कधी मानत नाही. खेड्यात किती दुष्टपणा असतो हे तुम्हाला कल्पनेतही येणार नाही, असंच ती आपल्या भाच्याला सांगत असते. ऑडेन गावाकडे बाहेरून बघतो.

तिसरा_साक्षीदार

'मिडसमर मर्डर्स' ही ब्रिटिश टीव्ही मालिका चालेल का या धाग्यात?

कुलूपबंद

तिचा नायक बार्नबी पोलीस अधिकारी आहे, म्हणून काटेकोर अर्थाने नाही. गावं मात्र शंभर टक्के या परंपरेतली. १९९७ पासून चालू आहे.

नवखा_वाचक

मराठीत असं काही आहे का?

सातवी_पायरी

हौशी शोधक म्हटलं की भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश. पण तो धावतो, सायकल मारतो, संकटात उडी घेतो. एका जागी बसून माणसं वाचणारी म्हातारी मराठीत मला तरी भेटलेली नाही. कुणीतरी लिहावी अशी फार इच्छा आहे.

शंकासुर

पानगळ, तुमचा प्रतिसाद पुन्हा वाचला. निरीक्षण आणि कुजबूज यांतला फरक पटला. तरी एक प्रश्न उरतो. मार्पलला हे सगळं करायचा अधिकार काय? पोलिसांना कायद्याने दिलाय. हिला कुणी?

रानजाई

शंकासुर, या प्रश्नासाठी मी एवढा वेळ थांबले होते असं वाटतंय. उत्तर मला 'अ पॉकेट फुल ऑफ राय' (१९५३) मध्ये सापडतं.

श्रीमंत घर, घरचा मालक विषाने मरतो. मग आणखी मृत्यू होतात. त्यांत एक ग्लॅडिस, घरातली मोलकरीण. साधी, भाबडी, दिसायला बेताची, अनाथाश्रमातून आलेली. तिला गळा आवळून मारलंय आणि वर नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावलाय. पोलिसांच्या लेखी ती मधे आलेली एक बिचारी. वृत्तपत्रांना मालकात रस. मार्पलला ही बातमी कळते आणि ती उठून त्या घरी येते, कारण ग्लॅडिसला वाढायला, पुसायला, दार उघडायला तिनेच शिकवलं होतं. ती चिडलेली आहे. मारलं ते मारलं, वर चिमटा लावून त्या पोरीची विटंबना केली, हे तिला सहन होत नाही.

अधिकार एवढाच. तिला ग्लॅडिस माहीत होती. घरातल्या कुणाला ग्लॅडिसचं आडनावही नीट आठवत नसेल, पण मार्पलला ती कशावर विश्वास ठेवायची, कशाला भुलायची, घाबरली की काय करायची हे सगळं ठाऊक होतं. आणि ते ठाऊक असल्यामुळेच गुंता सुटतो. शेवटचं प्रकरण मी सांगणार नाही, पण ते वाचून मी खूप रडले होते, आणि खुनी कोण याचा त्या रडण्याशी काही संबंध नव्हता.

तिसरा_साक्षीदार, मेलेल्या माणसाची आई कुठे आहे असं तुम्ही विचारलंत. ग्लॅडिसला आई नव्हती. तिच्यासाठी ही बाई आली.

म्हणून मूळ प्रश्नाचं माझं उत्तर जरा बदललंय. जिला कुणी मोजत नाही तिचं पाहणं मोजलं जातं, हे अर्धं झालं. ती बघते तेव्हा जिला कुणी मोजलं नव्हतं अशी दुसरीही मोजली जाते. मोठ्या शहरातला पगारी तपासनीस प्रकरण सोडवतो. ही आपल्या ओळखीच्या पोरीसाठी येते. चांदणचुराला दवाखान्यात जे मिळालं त्यात याचाही वाटा असेल का?

चांदणचुरा

हो. त्या बाकावर मला सगळ्यात जास्त हेच हवं होतं, की कुणीतरी आईला 'सात नंबरचा बेड' न म्हणता ओळखावं. एक नर्स तसं करायची. आईला चहा गार करून लागतो हे तिने आपणहून लक्षात ठेवलं होतं.

तिसरा_साक्षीदार

ग्लॅडिसचं पुस्तक आणि सेयर्सचं, दोन्ही यादीत टाकली. ढोबळ साच्यावर माझा राग आहेच. पण साच्यात बसूनही ही माणसं काय करून गेली हे वाचायला हवं, हे कबूल.

कुलूपबंद

कोडं पहिलं, हे मी सोडणार नाही! मात्र ग्लॅडिसच्या स्वभावावरून गुंता सुटतो हा नॉक्सच्या नियमात बसणारा धागा आहे. वाचकाला तो आधी दाखवलेला असतो. तेव्हा रानजाई, आपलं भांडण वाटतं तेवढं नाही.

खलबत्ता

आणि त्या पुस्तकातलं विष अगदी बरोबर आहे, एवढं बोलून थांबतो.

नवखा_वाचक

सुरुवात कुठून करू? मी यातलं एकही वाचलेलं नाही.

रानजाई

क्रमाने जायची गरज नाही. पण 'द थर्टीन प्रॉब्लेम्स' (१९३२) पासून सुरू करा. वर सांगितलेली डोकी मोजण्याची कथा त्यातच पहिली आहे, आणि कथा छोट्या असल्याने सवय होते. मग 'अ मर्डर इज अनाउन्स्ड'. ग्लॅडिसचं त्यानंतर. सेयर्सचं मात्र एकदम उचलू नका. पीटर आणि हॅरिएट यांची आधीची पुस्तकं वाचून मग 'बसमन्स हनीमून'ला या, म्हणजे ते रडणं पूर्ण कळेल.

उलटतपासणी

सहमत. आणि रात्री उशिरा सुरू करू नका, सकाळी कामावर जायचं असतं.

नवखा_वाचक

मागवलं 'थर्टीन प्रॉब्लेम्स'. प्रत्येक कथेनंतर इथे माझा अंदाज लिहू का, उत्तर वाचायच्या आधी?

रानजाई

जरूर लिहा, पण त्यासाठी वेगळा धागा काढा आणि शीर्षकात रहस्यभेदाची सूचना द्या. आम्ही सगळे येतोच.